गेटावरची गार्गी

विटांचा टेम्पो मागच्या गेटापाशी उभा होता आणि हमाल भराभर विटा उतरवत होते. पाटणकर, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, त्या नीट रचल्या जातायत की नाही ते जातीनं बघत होते. मी कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"पाटणकर, ठराव संध्याकाळी मांडणार आहात ना? मग विटा सकाळीच कशा आल्या?"

"टेम्पोवाला आज रिकामा होता, बाई. आणि ठराव म्हणजे काय, नावाला. सगळ्यांशी बोलणं झालंय माझं."

"माझ्याशी नाही झालं."

"तुमच्याशी बोलून आजवर कोण जिंकलंय?" असं म्हणून ते हसले आणि पुन्हा विटांकडे वळले.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. कुणाच्या घरी आजारपण आलं की पहिली गाडी पाटणकरांची निघायची. पण काळजी करण्याचा त्यांना रोगच होता. आणि काळजी करणाऱ्या माणसाच्या हाती अधिकार आला, की तो पहिलं काम कुलपं विकत घेण्याचं करतो.

आमची सोसायटी साताऱ्याबाहेर, थेट भैरोबाच्या टेकडीला पाठ लावून. मागच्या गेटातून पाऊल टाकलं की गवत सुरू. मी फ्लॅट घेतला तोच त्या गेटासाठी. जन्मभर मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवली, लग्न केलं नाही, त्यामुळे नातवंडं नाहीत. सोसायटीतल्या पोरांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, मला आजी म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. ती पोरं शाळेतून आली की दप्तरं फेकून मागच्या गेटातून टेकडीवर पसार व्हायची आणि दिवेलागणीला कुसळांनी भरलेले मोजे घेऊन परतायची. आया कुरकुरायच्या, पण पोरं जेवायची कशी, ते बघून गप्प बसायच्या.

मग आदल्या वर्षीच्या कार्तिकात गार्गी बोधे टेकडीवरून पडली. कोपराशी हात मोडला. पाटणकरांनीच तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, आणि दुसऱ्या दिवशी गेटाला कुलूप घातलं ते कायमचं. किल्ली त्यांच्या खिशात. वर्षभर पोरं पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून सायकली फिरवत राहिली. कुणाच्या तरी गाडीला ओरखडा गेला, सायकली बंद झाल्या. मग पोरं लिफ्टमधून वरखाली करायला लागली, तेही बंद झालं. शेवटी ती जिन्यात ओळीनं बसून एकाच मोबाइलमध्ये डोकी घालायला लागली, तेव्हा कुठं सगळ्यांना हायसं वाटलं. आता गेटच काढून तिथं भिंत घालायची होती. कुलूप आज ना उद्या कुणीतरी काढू शकतं. भिंत उभी राहिली की संपलंच.

मला राहून राहून संताप येत होता. पण माझ्यापेक्षा वाईट हाल गार्गीचे होते. अकरा वर्षांची पोर, पोरांत जाईनाशी झाली होती. ती दिसली की त्या पोरांतला शौनक हमखास म्हणायचा, "हिच्यामुळे." एवढंच म्हणायचा, पण रोज म्हणायचा. आणि तीही उलटून काही बोलत नसे. पुढच्या गेटावर महादूकाका, आमचे वॉचमन, कधी तिच्यासाठी बोरं काढून ठेवत, कधी चिंचा. ती मान वर न करता घ्यायची आणि निघून जायची. मला वाटायचं, पोर भित्री झाली. आणि भित्री झालेली पोर बघणं माझ्यानं होत नाही.

त्यात त्या रविवारी आवळीभोजन होतं. कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली बसून जेवायचं, एवढी साधी रीत. तीही पाटणकरांनी क्लबहाउसात आणून बसवली होती. नर्सरीतून आवळ्याचं रोप आणलं होतं, कुंडीसकट गुडघ्याएवढं. ते मधोमध ठेवून भोवती टेबलं मांडली होती आणि केटरर मसालेभात लावत होता. त्या रोपाची सावली फार तर एका वाटीवर पडली असती.

मी तशीच वर गेले आणि बोध्यांची बेल वाजवली. गार्गीच्या आईनं, अमृतानं, दार उघडलं.

"अमृता, गार्गीला घेऊन जाते. टेकडीवर. आवळीखाली जेवू आणि चारपर्यंत खाली येऊ."

तिचा चेहरा उतरला. "बाई, मी नाही म्हणत नाही हो. पण ती येणार नाही. टेकडीचं नाव काढलं तरी आतल्या खोलीत जाऊन बसते."

"मी येते," मागून आवाज आला. गार्गी बूट हातात घेऊन उभी होती. "भिंत घालणारेत ना आज? मग आजच जायला हवं."

अमृता आत गेली आणि पाण्याची मोठी बाटली आणून तिच्या हातात दिली. मी धपाटे, दही आणि मिरचीचा ठेचा सकाळीच बांधून ठेवला होता. खोटं कशाला बोलू, ती आली नसती तर एकटी गेले असते.

मागचं गेट बंद, म्हणून पुढच्या गेटानं बाहेर पडून, पेट्रोल पंपावरून वळसा घालून, भैरोबाच्या देवळापासून चढावं लागलं. घरामागची टेकडी, आणि तिच्याकडे जायला अर्धं गाव ओलांडायचं. निघताना शौनक क्लबहाउसच्या दारातून ओरडला, "बाई, हिला नेताय? परत पाडेल स्वतःला." गार्गीनं मागं वळून पाहिलं नाही.

चढाला लागलो आणि मी चक्रावले. मला वाटलं होतं, हात धरावा लागेल, चुचकारावं लागेल. पोर तर शेळीसारखी पुढं. सुट्या मातीच्या घसाऱ्यावर पाय आडवे टाकत होती, दगड आधी दाबून बघत होती, मगच भार देत होती. माझ्या शाळेतल्या मुलींना हे शिकवताना माझा घसा बसायचा.

"अगं, कुणी शिकवलं हे?" मी धापा टाकत विचारलं.

"कुणीच नाही. पडायचं नसलं की येतं आपोआप," ती म्हणाली आणि थांबून माझी वाट बघू लागली. माझी, म्हणजे कमालच झाली.

आवळी टेकडीच्या खांद्यावर एका बाजूला एकटी उभी होती. आवळ्यांनी नुसती लगडलेली. मी पुडीत हळदकुंकू नेलं होतं, ते गार्गीनं खोडाला लावलं. मग आम्ही जेवलो. ठेच्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिनं आणखी मागून घेतला. वर चार आवळे तोडून खाल्ले आणि पाणी प्यायलो. ते गोड लागलं तेव्हा ती त्या वर्षात पहिल्यांदा माझ्यासमोर हसली.

तिचं पोट भरलेलं बघून मी मुद्द्याला हात घातला. शाळेत माझा एक नियम होता. मुलगी दोरीवरून पडो, भिंतीवरून पडो, हाड जुळलं की तिला त्याच जागेवरून पुन्हा चढवायची. नाहीतर ती जागा मनात वाढत जाते आणि बाई झाली तरी तिला खाली बघू देत नाही. आया माझ्या नावानं बोटं मोडायच्या, मुख्याध्यापिका चिठ्ठ्या पाठवायच्या. मी नियम मोडला नाही.

"चल, गार्गी. पडलीस ती जागा दाखव."

तिचं हसू गेलं. "कशाला?"

"तिथून पुन्हा चढायचं. मी खाली उभी राहते."

ती उठली, इकडं तिकडं बघत थोडी चालली आणि एका जागी थांबली. "इथं."

मी जागा बघितली. सपाट गवत, वर म्हशी बसून गेल्याच्या खुणा.

"इथं पडलीस?"

"हो."

"इथं म्हैस लोळायला येते, गार्गी. इथं पडायचं म्हटलं तरी कष्ट घ्यावे लागतील. नीट दाखव."

"मग तिथं असेल." तिनं दुसरीकडे बोट केलं. तीही जागा तसलीच.

मी मुकाट्यानं गवतात बसले. चाळीसेक वर्षं मुलींची खोटी पोटदुखी ओळखण्यात गेली होती माझी. काही न बोलता नुसतं बसून राहिलं, की खोटं आपोआप बाहेर येतं. गार्गीनं थोडा वेळ गवताची पाती तोडली. मग बसली आणि गुडघ्यात तोंड घातलं.

"बाई, शप्पथ घ्या, कुणाला सांगणार नाही."

"घेतली."

"मी टेकडीवर पडलेच नाही. मी गेटावरून पडले."

ती बोलत सुटली. त्या दिवशी बाकीची पोरं आधी उतरली होती. ही आवळे काढत मागं राहिली, फ्रॉकच्या ओच्यात भरभरून घेतले. तेव्हा गेट अंधार पडायच्या आधी बंद करायचा नियम होता. ही पोचली तर कुलूप. हाका मारल्या, कुणी आलं नाही. अंधार पडायला लागला, तशी घाबरून गेटावर चढली, एका हातात ओचा धरून. वरच्या गजावरून पाय सुटला आणि आत, फरशीवर आदळली.

"महादूकाका चहाला गेले होते. मला उचलताना ते रडत होते, बाई. म्हणाले, कुलूप घालून जागा सोडली म्हणून आता माझी नोकरी जाईल, पोरीचं लग्न व्हायचंय. मग मीच म्हटलं, मी सांगते टेकडीवर पडले म्हणून. मला काय माहीत, टेकडीच बंद करतील."

वर्षभर ही पोर सगळ्या सोसायटीच्या शिव्या खात होती, एका म्हाताऱ्याच्या नोकरीसाठी. आणि आम्ही मोठी माणसं तिला भित्री म्हणत होतो. मीसुद्धा. तिला जवळ घेऊन मी तिच्या केसांतली कुसळं काढत बसले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

"आता सभेत सांगायचं?" मी विचारलं.

"नाही. तुम्ही शप्पथ घेतलीय."

"घेतलीय, आणि मी मोडणार नाही. पण माझा नियमही मी मोडत नाही. ऊठ."

"कुठं जायचं?"

"जिथून पडलीस तिथं."

आम्ही वळसा घातला नाही. आवळीपासून सरळ खाली उतरलो, जुन्या पायवाटेनं. वर्षभरात तिच्यावर गवत माजलं होतं, तरी गार्गीला वाट बरोबर आठवत होती. खाली मागचं गेट, त्याला कुलूप, आणि गजांमधून दिसणारा विटांचा ढीग. त्यापलीकडे क्लबहाउसची काचेची भिंत. आत सभेसाठी माणसं जमत होती आणि केटररची माणसं टेबलं उचलत होती.

"ह्या खेपेला दोन्ही हात मोकळे ठेव," मी म्हटलं. "तीन ठिकाणी धर आणि एकच हलव. मी खाली आहे."

ती चढली. पहिल्या आडव्या पट्टीवर थोडी थांबली, हाताचं कोपर एकदा चोळलं आणि पुढं गेली. वरच्या गजावर पोचून तिनं पाय पलीकडं टाकला, तेवढ्यात काचेच्या आतून कुणीतरी किंचाळलं. मग सगळी सभाच बाहेर आली. पाटणकर सगळ्यांत पुढं.

"गार्गी, खाली उतर आधी. पुन्हा हात मोडून घ्यायचाय का? बाई, तुम्हाला तरी काही कळतं का?"

गार्गी उतरली नाही. गेटावर दोन्हीकडं पाय सोडून बसली. तिचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जाईल इतका मोठा होता.

"काका, मी टेकडीवर पडले नव्हते. मी इथून पडले होते. कुलूप होतं म्हणून चढले आणि पडले. टेकडीवर मी कधीच पडले नाही."

पाटणकरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"हाक का मारली नाहीस? वॉचमन कुठं होता?"

"ते मी नाही सांगणार."

"सांगावं लागेल, बाळ. हे गंभीर आहे."

"नाही सांगणार. सांगितलं तर तुम्ही गेट ठेवाल आणि माणसाला काढाल. तुम्हाला काहीतरी बंदच करायचं असतं."

एवढ्याशा पोरीनं पाटणकरांना हे सगळ्यांदेखत सुनावलं, आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की मी गेटाचा गज घट्ट धरून ठेवला. गर्दीतून महादूकाका पुढं आले. टोपी काढून हातात धरलेली.

"मी च्या प्यायला गेलतो, सायब. कुलूप घालून. पोरगी हाका मारत हुती, मला काय ऐकू आलं न्हाई. वरीस झालं, ती माझ्यापायी गप हाय. मला कवाच सांगायला पायजे हुतं. न्हाई धीर झाला."

"काका, तुम्ही कशाला बोललात?" गार्गी वरून म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"बरं, चहा प्यायला गेला," मी गजांमधून ओरडले. "सोसायटीनं त्याला जागेवर चहा कधी दिलाय का? तुमच्या मीटिंगला मात्र चहा दोनदा येतो."

पाटणकर माझ्याकडं बघेनात. अमृता गर्दी कापत गेटाखाली आली. तिनं दोन्ही हात वर केले, लेकीला झेलायला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं हात खाली घेतले.

"सावकाश उतर," ती म्हणाली. "मी आहे इथं."

गार्गी एकेक पट्टी बघत उतरली आणि विटांच्या ढिगाशेजारी उभी राहिली. आता गेटाबाहेर मी एकटी राहिले होते.

"आता माझं काय?" मी विचारलं.

"तुम्ही पुढच्या गेटानं या ना, बाई," पाटणकर म्हणाले. त्यांचा आवाज पार उतरला होता.

"परत टेकडी चढून पेट्रोल पंपावरून येऊ? नाही जमणार. पाय दुखतायत. कुलूप काढा, नाहीतर मीही येते अशीच वरून." आणि मी साडी खोचून पाय पहिल्या पट्टीवर टाकला.

"अहो, नको, तुमचं वय..."

"माझं वय काढू नका. किल्ली काढा."

पाटणकरांनी आजूबाजूला बघितलं. त्यांच्या बाजूनं बोलायला कुणी पुढं येईना. शेवटी त्यांनी खिशातून किल्ली काढली. कुलूप गंजलेलं, ते हलेना. महादूकाकांनी त्यावर दगडानं दोन टोले घातले, तेव्हा ते उघडलं.

मी आत पाऊल टाकणार, तोच शौनक माझ्या काखेखालून बाहेर पळाला. त्याच्यामागं त्याची बहीण, तिच्यामागं जिन्यात बसणारी सगळी रांग. मला धक्के देत, एकमेकांना ओढत ती पोरं माजलेल्या गवतातून वर सुटली. जाताजाता शौनक थांबला, मागं वळला आणि ओरडला, "गार्गी, तू येतेस ना? आवळे कुठायत ते तुलाच माहितीय." ती आईकडं बघायलासुद्धा थांबली नाही.

मग आईबाप हाका मारत पोरांमागं निघाले, कुणी चपलांत, कुणी सभेचे कपडे सांभाळत. त्यामुळे ठराव काही झाला नाही. सभेत मोजायला पुरेशी माणसंच उरली नव्हती. पाटणकर विटांच्या ढिगाशी उभे होते.

"ह्या विटा टेम्पोवाला परत घ्यायचा नाही," ते कसनुसं म्हणाले.

"पोरांच्या हाती दोन दोन देऊन वर पाठवा," मी म्हटलं. "आवळीला पार होईल."

तो झाला. वाकडातिकडा, पोरांनी रचलेला, पण दर कार्तिकात त्याच्यावर बसून आम्ही जेवतो. पाटणकरही येतात, दोनदा थांबून, आणि पार सरळ नाही अशी तक्रार करतात. महादूकाकांना काढलं नाही. मुलीच्या लग्नानंतर ते स्वतःच गावी गेले. गेट दिवसभर उघडं असतं. मधल्या वर्षांत शौनकनं पायाचं बोट मोडून घेतलं, एका पोराला मधमाश्या चावल्या, पण पुन्हा विटांचं नाव कुणी काढलं नाही. काढलं असतं तर मी होतेच.

गेल्या आठवड्यात अमृताचा फोन आला. गार्गी आता हिमालयात गिर्यारोहणाच्या शिबिराला गेली आहे.

"बाई, काल ती सरावात पडली. गुडघा फुटलाय, टाके पडलेत."

"मग आता? बोलावून घेतेस काय तिला?" मी विचारलं. माझा आवाज जरा चढलाच.

"छे हो. ती रडत होती फोनवर, भीती वाटते म्हणून. मी सांगितलं तिला, टाके निघाले की तिथूनच पुन्हा चढ."